बऱ्हाणपूरहून युरोपात एक अर्ज

आमच्या गावाचे नाव स्टेशनच्या पाटीवर ‘बुरहानपुर’ असे आहे. घरात आम्ही ‘बऱ्हाणपूर’ म्हणतो. भुसावळहून गाडी निघाली, रावेर मागे पडले, की महाराष्ट्र संपला असे डब्यातली माणसे समजतात. केळीच्या बागांना मात्र ही हद्द ठाऊक नाही. रावेरपासून आमच्या शहापूरपर्यंत त्या एकसारख्या पसरलेल्या आहेत. भाषेलाही ती फारशी ठाऊक नाही. शाळेत हिंदी, बाजारात हिंदी आणि उर्दू, घरात मराठी, आणि आजी बोलू लागली की तिच्यात खानदेशी वळण. अशा चार भाषांत आमची मुले वाढतात आणि पाचवी इंग्रजी म्हणून घाबरतात.

गेल्या पावसाळ्यात असेच एक मूल माझ्याकडे आले. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. वडिलांची शहापूरच्या बाजूला केळीची शेती. नेदरलँड्समधील एका विद्यापीठाने संशोधक विद्यार्थ्यांच्या जागेची जाहिरात दिली होती. त्या जागेसाठी तिला अर्ज करायचा होता. कागद पुढे सारून ती म्हणाली, “सर, फॉर्म भरला. पण एक पत्र लिहायला सांगितलंय. का यायचंय ते लिहा म्हणे. त्यात काय लिहितात?”

मी इतिहासाचा मास्तर. चौतीस वर्षे मोगल, मराठे आणि फ्रेंच राज्यक्रांती शिकवली. बुरशी आणि वनस्पती यातले मला काही कळत नाही. तसे सांगणार तोच ती हळू आवाजात म्हणाली, “तसं घेणार कोण म्हणा आपल्याला. तिथं पुण्यामुंबईची मुलं जातात.”

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. उत्तर देणे भाग होते आणि माझ्याजवळ उत्तर देण्याचे एकच साधन होते, ते म्हणजे इतिहास. त्या रात्री मी जी टिपणे काढली त्यांतून हा लेख झाला.

*

प्रथम आमच्याच गावातला एक अर्जदार आठवला. १६१५ च्या नोव्हेंबरात सर टॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील सुरतेहून बऱ्हाणपुरास आला. तेव्हा दक्षिणेच्या मोगली कारभाराचे हे मुख्य ठाणे होते आणि जहांगीरचा मुलगा परवेझ येथे दरबार भरवीत होता. तापीच्या काठी शाही किल्ल्याच्या भिंती आजही उभ्या आहेत. रोला हवे होते ते काय, तर इंग्रज व्यापाऱ्यांना येथे राहण्याची आणि व्यापार करण्याची परवानगी. त्यासाठी त्याने राजाचा वकील म्हणून ओळख दिली, नजराणे आणले आणि ताटकळत राहिला. जमिनीला डोके लावून मुजरा करण्यास त्याने नकार दिला. बसण्यास आसन मागितले; ते त्याला मिळाले नाही, कारण त्या जागी कोणी बसत नसे. पण परवानगी मिळाली.

रोची ही हकीगत वर्गात सांगताना मी दरवर्षी मोगल दरबाराच्या थाटावर बोलत असे. त्या रात्री मला त्यात दुसरेच दिसले. एके काळी युरोप आमच्या दाराशी हातात कागद घेऊन उभा होता. दार कोणाचे आणि कागद कोणाच्या हातात, हे काळ ठरवतो. अर्ज करणे यात कमीपणा नाही, आणि अर्ज करताना डोके जमिनीला लावलेच पाहिजे असेही नाही. रोने लावले नव्हते.

*

आता चाक उलटे फिरून आमची मुले युरोपच्या दाराशी का जाऊ लागली, ते पाहू. संशोधन करून प्रबंध लिहायचा आणि त्यावर डॉक्टर व्हायचे, ही पद्धत जर्मनीने रुळवली. १८१० साली बर्लिनचे विद्यापीठ निघाले आणि प्राध्यापकाने शिकवावे तसेच शोधही घ्यावा, विद्यार्थ्याने त्याच्या हाताखाली बसून शोध घ्यायला शिकावे, हा विचार तेथून पसरला. इंग्लंड यात मागे होते. पीएच.डी.सारखी पदवी ऑक्सफर्डने १९१७ साली सुरू केली; इतर इंग्रजी विद्यापीठे त्यामागून आली. म्हणून राज्य इंग्रजांचे असूनही आपले संस्कृतचे अभ्यासक जर्मनीची वाट धरत. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक विष्णु सीताराम सुकथनकर केंब्रिजला गणित शिकून पुढे बर्लिनला ल्यूडर्स यांच्याकडे गेले. रा. ना. दांडेकर यांनी १९३८ साली हायडेलबर्गची डॉक्टरेट घेतली. पुण्याच्या भांडारकर संस्थेतली ही माणसे.

म्हणजे मुलगी म्हणत होती ते खोटे नव्हते. पुण्यामुंबईची एक वाट होती खरी. गुरू तिकडे जाऊन आलेला असे, तो शिष्याची ओळख करून देई. पण त्या वाटेने न गेलेलेही काही जण होते, आणि मला आठवले ते तिघेही महाराष्ट्राबाहेर जन्मलेले निघाले.

*

पहिला जन्म महूचा, १४ एप्रिल १८९१. महू आमच्यापासून काही फार दूर नाही. येथून खंडवा, आणि खंडव्याहून इंदूरकडे जाणारी जुनी लहान रुळांची गाडी नर्मदा ओलांडून घाट चढून महूला जाई. सुभेदार रामजी सकपाळांचे कुटुंब मुलगा लहान असतानाच ती छावणी सोडून कोकणात गेले. ते याच वाटेने, बऱ्हाणपूर स्टेशनावरून गेले असावे, असे मानायला मला आवडते.

भीमराव आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, हे शाळेतली मुलेही सांगतात. पुढचा भाग कमी सांगितला जातो. १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले आणि १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले. त्यांची पुस्तके दुसऱ्या आगबोटीने निघाली होती. जर्मन पाणबुडीने ती बोट बुडवली. पुस्तके गेली, पैसा नव्हता आणि बडोद्याच्या नोकरीत जे भोगावे लागले ते सर्वांना ठाऊक आहे. पण निघताना त्यांनी एक कागद मिळवून ठेवला होता. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल, अशी लंडन विद्यापीठाची परवानगी. माणूस संकटात असताना असा कागद मागून घ्यायचे सुचणे, हे मला त्यांच्या मोठ्या ग्रंथांइतकेच शिकण्यासारखे वाटते.

त्या चार वर्षांचा हिशेब त्यांनी चुकू दिला नाही. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पगारातून शिल्लक टाकली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साह्य केले, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला पोचले. ओळख लागत होती ती येथेही लागली. कोलंबियाचे प्राध्यापक सेलिगमन यांनी लंडनच्या फॉक्सवेल यांना शिफारसपत्र लिहिले होते. पण ही ओळख घराण्याची नव्हे, जातीची तर नव्हेच. वर्गात बसून केलेल्या कामातून ती मिळवलेली होती. शिफारसपत्राचा खरा अर्थ हाच असावा.

१९२१ साली लंडनची एम.एस्सी. झाली. त्याच वर्षी त्यांनी आणखी एक अर्ज केला. जर्मनीतील बॉन विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून प्रशियाच्या शिक्षणखात्याकडे त्यांनी पत्र पाठवले, तेही जर्मन भाषेत आणि स्वतःच्या हाताने लिहिलेले. बॉनच्या दप्तरात त्यांचे नाव नोंदले गेले. लंडनचे काम चालूच होते. व्याख्यानांना हजर राहणे झाले नाही म्हणून १९२२ च्या आरंभी ते नाव पटावरून कमी झाले. एवढीच ती नोंद. चरित्रांत ती एखाददुसऱ्या ओळीत संपते. पण मला त्या अर्जदाराकडे पाहत राहावेसे वाटते. एक डॉक्टरेटचे काम कोलंबियाला सादर केलेले, दुसरीचे लंडनमध्ये चाललेले, खिशात कर्जाचे पैसे, आणि हा मनुष्य रात्री बसून परक्या भाषेत तिसऱ्या दारासाठी अर्ज लिहितो आहे. तो फळाला आला नाही. तरी त्यामुळे त्यांचे काही अडले नाही. अर्ज फळाला आला नाही म्हणजे अर्जदार संपला, हे आपल्याकडचे समीकरण त्यांना मान्य नसावे.

लंडनचा प्रबंधही एका खेपेत पार पडला नाही. रुपयाच्या प्रश्नावरचा तो प्रबंध त्यांनी १९२२ च्या ऑक्टोबरात सादर केला. परीक्षकांनी तो सुधारून पुन्हा द्यायला सांगितले. १९२३ साली ते मुंबईला परतले, येथून सुधारून पाठवला आणि त्या वर्षाअखेर डी.एस्सी. मिळाली. मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी ग्रंथाला प्रस्तावना लिहिली आणि तीत आपण लेखकाच्या कितीतरी मतांशी सहमत नाही असे सरळ नोंदवले. मतभेद असलेल्या विद्यार्थ्याच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिणारा गुरू आणि गुरूशी मतभेद असूनही आपले म्हणणे न सोडणारा विद्यार्थी, अशी जोडी जेथे जमते तेथे जावे.

*

दुसरा जन्म ब्रह्मदेशातला, १९०५ सालचा. वडील तेथे कापसाच्या कंपनीत अभियंता. मुलीचे नाव ठेवले तेथल्या नदीवरून, इरावती. ‘युगान्त’ वाचलेल्यांना इरावतीबाई कर्वे यांची ओळख करून द्यायला नको. या पुढे पुण्यात वाढल्या, रँग्लर परांजपे यांच्या घरी राहून शिकल्या, मुंबई विद्यापीठात घुर्ये यांच्या हाताखाली १९२८ साली एम.ए. झाल्या. म्हणजे त्यांना पुणे मिळाले होते. तरी त्यांचा मार्ग सोपा झाला असे कोणी समजू नये.

पती दिनकर कर्वे स्वतः जर्मनीत शिकून आलेले. पत्नीनेही जावे अशी त्यांची इच्छा. सासरे मात्र या बेताच्या विरुद्ध होते. सासरे म्हणजे स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेले महर्षी धोंडो केशव कर्वे! ज्यांनी दुसऱ्यांच्या मुलींसाठी हिंगण्याला शाळा काढली, त्यांना सुनेने परदेशी जाऊन डॉक्टर व्हावे हे पटेना. थोर माणसांच्या घरातही उंबरठा असतोच. पैशाची सोय डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन झाली. हेच जीवराज मेहता पुढे १९६० साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. १९२८ साली बाई आगबोटीने जर्मनीस गेल्या.

बर्लिनला त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. नुकत्याच, १९२७ साली निघालेल्या मानववंशशास्त्राच्या मोठ्या संस्थेचे हे प्रमुख. वंशांची उतरंड असते आणि ती शरीराच्या मापांत सापडते, अशी त्यांची धारणा. इरावतीबाईंना काम मिळाले ते माणसाच्या कवटीच्या डाव्याउजव्या बाजूंतील फरक मोजण्याचे. युरोपीय कवटीत हा फरक वेगळा निघावा आणि त्याचा संबंध बुद्धीशी लागावा, अशी गुरूची अपेक्षा. त्यातल्या कित्येक कवट्या जर्मनीने आपल्या वसाहतींतून आणलेल्या होत्या. बाईंनी मापे घेतली. वंशाशी त्या फरकाचा संबंध लागेना. त्यांनी तसे लिहिले. १९३० साली पदवी घेऊन त्या परतल्या. फिशर १९३३ साली, हिटलरच्या राज्यात, बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्यांच्या शास्त्राने काय काय केले ते जग जाणते.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. अर्ज करताना आपण नेहमी विचार करतो, ते आपल्याला घेतील का? ते कोण आहेत, कशासाठी काम करतात, तेथे खरे लिहिता येईल का, हे विचारायला आपण विसरतो. नामांकित विद्यापीठ, मोठा गुरू, सुंदर इमारत यांच्या आत काय चालले आहे ते बाहेरून दिसत नाही. त्यामुळे जाऊ नये असे नव्हे. पण जाताना आपली मापपट्टी बरोबर न्यावी. एका परक्या, कर्जबाजारी, पंचविशीतल्या बाईने जगन्मान्य गुरूच्या संस्थेत बसून मापपट्टी जे सांगते तेच लिहिले. हा प्रबंध कवट्यांविषयी होता, पण मला तो ताठ मानेविषयी वाटतो.

*

तिसरा जन्म इंदूरचा. पुन्हा आमचीच वाट, महूच्या पुढचे मोठे स्टेशन. भागवतांचे घर. थोरली मुलगी दुर्गा, म्हणजे आपल्या दुर्गाबाई भागवत. धाकटी कमला, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. १९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आल्या आणि बंगलोरच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. अर्ज फेटाळला गेल्यावर आपण काय करतो? घरी येऊन नशिबाला बोल लावतो. कमलाबाई तेथेच जाऊन बसल्या. नकाराचे कारण काय, ते सांगा, म्हणाल्या. अखेर वर्षभर काम पाहू, मग ठरवू, अशा अटीवर प्रवेश मिळाला. अट अपमानाचीच होती. ती त्यांनी कामाने फेडली आणि त्यानंतर संस्थेचे दार इतर मुलींना उघडले.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांवरील कामासाठी १९२९ साली नोबेल मिळवलेले फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांना काम करायचे होते. जागा भरलेल्या होत्या. तेव्हा डेरेक रिक्टर नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने आपले टेबल दिवसा त्यांना देऊ केले. एवढ्याशा जागेवर काम सुरू झाले. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ हे द्रव्य असते असे त्यांना आढळले. १९३९ साली पीएच.डी. झाली. प्रबंध किती पानांचा? चाळीस. भारतीय स्त्रीला विज्ञानात मिळालेल्या पहिल्या डॉक्टरेटपैकी ही एक म्हणून तिचा उल्लेख होतो. परत येऊन त्यांनी नीरेवर काम केले. ताडाच्या झाडाचा हा रस गोरगरिबांच्या मुलांना पोषक ठरतो का, हे तपासले. केंब्रिजला शिकलेली विद्या ताडाच्या झाडाखाली आली.

*

दुसऱ्या दिवशी मुलगी आली तेव्हा हे सारे मी तिला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि मग आपले पत्र वाचून दाखवले. मी अत्यंत मेहनती आहे, प्रामाणिक आहे, आपल्या थोर विद्यापीठात येण्याचे माझे लहानपणापासूनचे स्वप्न आहे, संधी दिल्यास आभारी राहीन. मी म्हटले, “हे पत्र कोणीही कोणालाही पाठवू शकेल. यात तू कुठे आहेस?”

ती गप्प झाली. मग मी विचारले, “तुझ्या बापाच्या शेतात काय चाललंय?”

तेव्हा तिचे तोंड उघडले. बागेत मर शिरली आहे. पाने कडेने पिवळी पडतात, देठाशी मोडून लोंबतात. खोड चिरले की आत तांबूस रेघा दिसतात. बुरशी मातीत राहते, वर्षानुवर्षे राहते, औषधाने जात नाही. या बुरशीने विसाव्या शतकाच्या मध्याला मध्य अमेरिकेतील ‘ग्रो मिशेल’ जातीच्या बागा बसवल्या, म्हणून जगाने ‘कॅव्हेंडिश’ गटाची केळी धरली. आपल्याकडची बसराई आणि आताची ग्रँड नैन याच गटातली. आता बुरशीचा नवा प्रकार याही गटाला मारतो. नेदरलँड्समध्ये केळी पिकत नाही, पण तेथल्या वागेनिंगेन विद्यापीठात या रोगावर पुष्कळ काम झाले आहे. आणि मग ती म्हणाली, “सर, बाबांच्या ज्या तुकड्यात आधी कांदा होता, तिथं झाडं कमी मेली. बाबा म्हणतात योगायोग असेल. मी वाचलं, चीनमध्ये कांद्याच्या कुळातल्या एका भाजीवर असे प्रयोग झालेत. आपल्या काळ्या मातीत तसं होतं का, ते मला बघायचंय.”

“हेच लिही,” मी म्हटले. “पहिल्या ओळीपासून हेच.”

पुढचे पंधरा दिवस आम्ही दोघे शिकलो. तिने जे शोधून काढले ते येथे देतो, कारण हा अंक ज्या घरांत जातो तेथे अशी आणखी मुले आहेत. नेदरलँड्स, स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे या देशांत पीएच.डी.चा उमेदवार बहुधा विद्यापीठाचा पगारी नोकर असतो. म्हणून तेथे प्रवेश नसतो, भरती असते. जाहिरात निघते, शेवटची तारीख असते, निवडक जणांच्या मुलाखती होतात. जर्मनीत दोन मार्ग आहेत. एक जुना, आपल्या विषयाच्या प्राध्यापकाला थेट लिहून त्याची संमती मिळवण्याचा. दुसरा, संशोधनशाळांमधून जाहिरातीने भरल्या जाणाऱ्या जागांचा. तेथील सरकारी विद्यापीठांत डॉक्टरेटसाठी शिक्षणशुल्क सहसा नसते, पण राहण्याखाण्याची तजवीज पगारातून किंवा शिष्यवृत्तीतून व्हावी लागते. डाड ही जर्मन संस्था अशा शिष्यवृत्त्या देते. युरोपीय संघाच्या मेरी क्युरी योजनेत एक अट असते, की ज्या देशात जायचे तेथे उमेदवार मागील तीन वर्षांत एकूण बारा महिन्यांहून जास्त राहिलेला नसावा. बऱ्हाणपूर न सोडलेल्या मुलीला ही अट वरदानच! युरोपभरच्या जागा ‘युराॲक्सेस’ या संघाच्या संकेतस्थळावर लागतात आणि त्या पाहायला पैसे पडत नाहीत. जागा मिळवून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, की तेथून उठून यावे.

अर्जात लागते ते थोडके. एक पानाचे पत्र, शिक्षणाची आणि कामाची हकीगत, गुणपत्रके, एम.एस्सी.च्या प्रबंधाचा गोषवारा, आणि दोन शिक्षकांची नावे, जे विचारल्यास आपल्याविषयी खरे सांगतील. यातले शेवटचेच आमच्याकडे सर्वांत अवघड. वर्गात साठ मुले, प्रयोगशाळेत साहित्य नाही, शिक्षकाला मुलाचे नाव आठवत नाही. सेलिगमनना आंबेडकर आठवत होते, कारण आंबेडकर त्यांना भेटत, विचारत, लिहीत. मी तिला तिच्या मार्गदर्शक बाईंकडे पाठवले. बाईंनी तिचा जुना प्रबंध काढायला लावला, त्यातल्या दोन चुका दाखवल्या आणि नाव द्यायला आनंदाने होकार दिला.

पहिल्या अर्जाला नकार आला. चार ओळींचा, सभ्य, कारण न देणारा. वडील म्हणाले, “सर, आता पुरे झालं. बी.एड. करू द्या.” ते चुकीचे बोलत होते असे मी म्हणणार नाही, बागेत मर शिरलेल्या बापाला मुलीच्या पगाराची वाट किती वर्षे पाहता येईल, हा प्रश्न खराच आहे. मी काही बोललो नाही. मुलगीच बोलली. “बाबा, बी.एड.चा फॉर्म पण भरते. पण बॉनमधून नाव कमी झालं तरी बाबासाहेब लंडनमध्ये लिहीतच होते ना?”

बाप माझ्याकडे बघून हसला. “हे तुम्हीच शिकवलं.”

सीमेवरच्या माणसाला एक खोड असते. या राज्यात आपण त्या भाषेचे, त्या राज्यात आपण या राज्याचे. आपले कोणी नाही, म्हणून आपले काही होणार नाही, असे तो धरून चालतो. मीही आयुष्यभर थोडेफार तसेच धरून चाललो. महूच्या छावणीत, ब्रह्मदेशच्या नदीकाठी आणि इंदूरच्या भागवतांच्या घरी जन्मलेल्या या तिघांनी तसे धरले असते तर? त्यांना ओळखी लागल्या, कर्ज लागले, कोणाचे तरी दिवसापुरते टेबल लागले. पण त्याआधी त्यांच्याजवळ विचारण्यासारखा एक प्रश्न होता. रुपया का पडतो? कवटीच्या दोन बाजू सारख्या का नसतात? बटाट्याच्या पेशीत काय आहे? हा प्रश्न कोणी उसना देत नाही आणि तो पुण्यामुंबईतच मिळतो असेही नाही. आमच्या मुलीला तो बापाच्या वावरात, कांद्याच्या तुकड्यात मिळाला.

हे लिहितो आहे तेव्हा तिचे आणखी दोन अर्ज गेले आहेत, एक जर्मनीला आणि एक पुन्हा नेदरलँड्सला. उत्तर आलेले नाही. परवा ती येऊन गेली, तेव्हा फराळाच्या डब्याबरोबर वहीही आणली होती. वहीत तिने रकाने पाडले आहेत: विद्यापीठ, जागा, शेवटची तारीख, पाठवले, उत्तर. शेवटचा रकाना बहुतेक रिकामा. तिसऱ्या जागेची शेवटची तारीख भाऊबीजेनंतर आठवड्याने आहे. तिने पत्राचा मसुदा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, “सर, तुम्हाला बुरशीतलं कळत नाही ना? मग तुम्हीच वाचा. तुम्हाला समजलं तर त्यांनाही समजेल.”

मी चष्मा लावला. पहिल्या ओळीत शहापूर होते.